पैसा कोणत्या महिन्यात लागणार? वाचकांचे गुंतवणुकीचे प्रश्न

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे: आमच्या वयाला गुंतवणुकीची कोणती पद्धत योग्य? शंभरातून वय वजा करायचं आणि उरतील तितके टक्के शेअर बाजारात ठेवायचे, असा एक ठोकताळा सगळीकडे सांगितला जातो. आम्हाला तो पटत नाही. निवृत्तिवेतन मिळणारा ५८ वर्षांचा शिक्षक आणि त्याच वयाचा, पेन्शन नसलेला दुकानदार या दोघांना तो एकच उत्तर देतो. त्यापेक्षा दोन गोष्टी आधी कागदावर लिहा. पैसा कोणत्या महिन्यात लागणार आहे, आणि उत्पन्न हातात कसं येतं: दरमहा, हंगामात की एकदाच? खालचे व्याजदर आणि कर सध्याच्या नियमांप्रमाणे आहेत. अल्पबचतीच्या दरांचा सरकार दर तिमाहीला आढावा घेतं, तेव्हा पैसे भरण्याआधी पोस्टात विचारून घ्या.

प्रश्न: वय २४, पुण्यात आयटीत नोकरी. हातात ४२,००० येतात. ८,००० घरी लातूरला पाठवतो, पीजी, जेवण, प्रवास धरून १९,००० खर्च होतात. वर्षभरात ऑप्शन्समध्ये ६५,००० गेले. वय लहान आहे तर जोखीम आत्ताच घ्यायला हवी ना? कोर्स करून नीट शिकू का? दीड वर्षात बाईकही घ्यायची आहे.

तरुण माणसाला जोखीम परवडते हे खरं, पण कशामुळे परवडते ते पाहा. बाजार पडला तरी त्याला विकायची घाई नसते, तो थांबू शकतो. सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्ये २१,००० च्या वर होता, मार्च २००९ मध्ये ८,००० च्या आसपास आला, आणि जुनी पातळी टिकून ओलांडायला २०१३ उजाडलं. २०२० मध्ये हेच काही महिन्यांत झालं: जानेवारीत ४२,००० च्या वर, २३ मार्चला २६,००० च्या खाली, नोव्हेंबरमध्ये पुन्हा पूर्वीच्या जागी. दोन्ही वेळा जो थांबला तो वाचला. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या भावाने घेण्या-विकण्याच्या हक्काचा सौदा, त्यात थांबण्याची सोयच नाही. एक्स्पायरीच्या, म्हणजे मुदत संपण्याच्या दिवशी हिशेब संपतो, दुसऱ्या दिवशी भाव तुमच्या बाजूने गेला तरी उपयोग नसतो. म्हणजे तुमच्या वयाचा जो एकमेव मोठा फायदा आहे, तो तुम्ही वापरतच नाही आहात. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक व्यवहारदारांपैकी ९३ टक्के तोट्यात होते, सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख. कोर्सवर पैसे घालवू नका. खातं ठेवायचं तर ठेवा, पण ब्रोकरच्या अॅपमधून वायदे-ऑप्शन्सचा विभाग बंद करून घ्या.

झालेल्या तोट्याचं एक काम मात्र आवर्जून करा. हा तोटा आयकरात व्यवसायातला तोटा धरला जातो. त्यासाठी नेहमीचं सोपं विवरणपत्र चालत नाही, आयटीआर-३ भरावं लागतं. मुदतीच्या आत भरलंत तर तोटा पुढची आठ वर्षं ओढता येतो. पगारातून तो वजा होत नाही, पुढे कधी व्यवसायाचं उत्पन्न झालं तर त्यातून होतो. लपवला तर विवरणपत्र आणि ब्रोकरकडची माहिती जुळत नाही आणि नोटीस येऊ शकते.

आता उरणारे १५,०००. बाईकसाठी ७,५०० ची १८ महिन्यांची आरडी (दरमहा ठरलेली रक्कम भरायची ठेव). साडेसहा टक्क्यांनी साधारण १ लाख ४२ हजार होतील, बाईक रोखीत येईल. ५,००० अडीअडचणीच्या निधीला. तुमचा महिन्याचा खर्च घरच्या पैशांसह २७,००० आहे, सहा महिन्यांचे १ लाख ६२ हजार हवेत. उरलेले २,५०० निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडात (त्या निर्देशांकातलेच शेअर घेणारा फंड), मधल्या एजंटचं कमिशन नसलेल्या डायरेक्ट प्लॅनमध्ये. रक्कम लहान वाटेल, पण हेतू सवय लागण्याचा आहे. दीड वर्षाने आरडी संपली की तेही पैसे अडचणीच्या निधीकडे वळवा, सहा महिन्यांत तो भरतो. तिथून पुढे पूर्ण १५,००० दीर्घकाळासाठी मोकळे, आणि तेव्हा तुम्ही जेमतेम २६ चे असाल. पगारवाढ झाली की एसआयपी, म्हणजे फंडातला दरमहाचा हप्ता, त्याच महिन्यात वाढवा. पुढच्या महिन्यावर ढकलली की ती राहूनच जाते.

आईवडिलांचा आरोग्य विमा आहे का, हे पत्रात नाही. कंपनीच्या पॉलिसीत ते असले तरी नोकरी सुटली की ते छत्र जातं. त्यांचा स्वतंत्र विमा आधी, एसआयपी नंतर.

प्रश्न: देवगडला हापूसची बाग आहे. वर्षाला सरासरी ९ लाख येतात, पण सगळे एप्रिल ते जून. दोन वेळा एसआयपी सुरू केली, दोन्ही वेळा हिवाळ्यात खात्यात पैसे नसल्यामुळे बंद पडली, वर बँकेने दंड कापला. मुलगी चौथीत आहे. आमच्यासारख्यांनी म्युच्युअल फंडाच्या नादाला लागू नये का?

नादाला लागा, फक्त पगारदाराचा साचा वापरू नका. दरमहा ठरलेल्या तारखेला रक्कम वळती होण्याची सोय पगार येणाऱ्यासाठी आखलेली आहे. हप्ता परत गेला की बँक दंड लावते आणि लागोपाठ तीन हप्ते चुकले की फंड कंपन्या सहसा एसआयपी बंद करतात.

तुमचे आकडे असे मांडू. बागेचा खर्च (फवारण्या, खतं, मजुरी, पेट्या, वाहतूक) पत्रात ३ लाख २० हजार दिला आहे, घरखर्च महिना २५,००० म्हणजे ३ लाख. उरतात २ लाख ८० हजार. वाशी मार्केटची शेवटची पट्टी (विक्रीचा हिशेब) हातात आली की जूनमध्येच सगळ्या पैशांचे वेगळे कप्पे करा, पावसाळाभर बचत खात्यात सोडू नका.

घरखर्चाचे ३ लाख लिक्विड फंडात (अगदी कमी मुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणारा फंड) टाका आणि तिथून दरमहा २५,००० स्वतःच्या खात्यात येतील अशी पद्धतशीर काढणी लावा. याला एसडब्ल्यूपी म्हणतात. स्वतःलाच पगार सुरू झाला. लिक्विड फंडात सातव्या दिवसापासून पैसे काढायला काही आकार नाही, आणि विक्रीचा अर्ज वेळेत केला तर पैसे बहुधा दुसऱ्या कामाच्या दिवशी खात्यात असतात. बागेच्या खर्चाच्या तीन एफडी करा, मुदती अशा निवडा की एक ऑक्टोबरच्या शेवटी, एक डिसेंबरमध्ये आणि एक फेब्रुवारीत सुटेल. मोहोर येताना तुडतुडे आणि फुलकिड्यांच्या फवारण्या एकामागून एक लागतात, तेव्हा हाताशी पैसा असला की दलालाकडून उचल घ्यावी लागत नाही. उचलीचं खरं व्याज कागदावर दिसत नाही. माल त्यालाच घालावा लागतो आणि भाव विचारायची मुभा जाते, तेच ते व्याज. चांगल्या एफडीच्या व्याजापेक्षा ही मोकळीक तुम्हाला जास्त देईल.

उरलेल्या २ लाख ८० हजारांचे निम्मे, म्हणजे १ लाख ४० हजार, वाईट हंगामाच्या राखीव निधीत. अवकाळी पावसाने किंवा उशिरा आलेल्या मोहोराने एक साल जातंच, हे तुम्हाला सांगायला नको. वर्षाच्या बाग आणि घरखर्चाइतकी, म्हणजे सव्वासहा लाखांच्या जवळ राखीव रक्कम व्हायला साडेचार वर्षं लागतील. तोवर शेअर फंडांत निम्म्याहून जास्त टाकू नका, शेजाऱ्याने कितीही टाकले तरी. पीककर्ज असेल तर ते मुदतीच्या आधी फेडा, कारण व्याजातली सवलत वेळेत फेडणाऱ्यालाच मिळते.

दुसरे १ लाख ४० हजार मुलीसाठी. ते लिक्विड फंडातून इंडेक्स किंवा फ्लेक्सी कॅप (लहान-मोठ्या सगळ्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या) फंडात दरमहा सुमारे ११,६०० असे वळवा. याला एसटीपी म्हणतात. पैसे आधीच फंडात असल्याने हप्ता परत जाण्याचा प्रश्नच येत नाही. दोन्ही योजना एकाच फंड कंपनीच्या असाव्या लागतात, निवडताना एवढं बघा. मुलगी बारावी व्हायला आठ वर्षं आहेत. ती नववीत गेली की शेअर फंडातले पैसे दर वर्षी एक हिस्सा याप्रमाणे एफडीत आणायला सुरुवात करा. ज्या वर्षी बाग दगा देईल त्या वर्षी एसटीपी करायची नाही. त्यात कमीपणा नाही, ती या पद्धतीत धरलेलीच गोष्ट आहे.

कराचं एक लक्षात असू द्या. आंब्याचं उत्पन्न शेतीचं म्हणून करमुक्त आहे, पण त्या पैशांवर फंडात झालेला नफा आणि एफडीचं व्याज करमुक्त नाही.

प्रश्न: ठाणे. वय ३९ आणि ३७, दोघेही नोकरीत. गृहकर्ज ४० लाख, ८.५ टक्के, २० वर्षं बाकी, हप्ता ३४,७००. मोठा मुलगा नववीत, धाकटा तिसरीत. सात फंडांत मिळून १४ लाख आहेत. आता व्हॅल्यू, ग्रोथ की मोमेंटम, कोणती शैली धरावी? की कर्ज आधी फेडावं?

शैलीचा प्रश्न तुमच्या यादीत तिसरा येतो. पहिला मोठ्या मुलाचा आहे. त्याच्या प्रवेशाला साधारण साडेतीन वर्षं उरली आहेत, आणि वर २००८ चं उदाहरण दिलं आहे: पडलेला बाजार पाच वर्षंही सावरला नव्हता. त्याच्या शिक्षणासाठी जी रक्कम धरली असेल, समजा ८ लाख, ती आत्तापासून शेअर फंडांतून बाहेर काढायला लागा. एका वर्षाहून जुन्या युनिट्सच्या नफ्यावर प्रत्येकी वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यावर १२.५ टक्के. फंड दोघांच्या वेगवेगळ्या नावांवर असतील तर थोडी विक्री मार्चमध्ये आणि थोडी एप्रिलमध्ये केली की दोन आर्थिक वर्षांची सूट मिळते आणि बहुधा कर लागतच नाही. हे पैसे प्रवेशाच्या जूनमध्ये सुटणाऱ्या एफडींत ठेवा. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट फंडांचा (रोख्यांत पैसे ठेवणाऱ्या फंडांचा) नफाही तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्यानेच करपात्र झाला आहे, तेव्हा त्यासाठी डोकं शिणवण्यात अर्थ नाही.

दुसरं कर्ज. नव्या कररचनेत असाल तर राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही, म्हणजे फेडलेला प्रत्येक रुपया पक्के ८.५ टक्के वाचवतो. वर्षाला एक हप्ता जादा भरलात तर २० वर्षांचं कर्ज साधारण साडेसोळा वर्षांत संपतं. बदलत्या दराच्या गृहकर्जावर बँक मुदतपूर्व फेडीचा दंड घेऊ शकत नाही. जादा रक्कम भरताना "हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा" असं लेखी द्या, नाहीतर हप्ता कमी होतो आणि वाचलेले पैसे घरखर्चात विरतात.

आता शैली. ग्रोथवाला वेगाने वाढणाऱ्या कंपनीला चढा भाव देतो. व्हॅल्यूवाला कमाईच्या आणि मालमत्तेच्या मानाने स्वस्त शेअर घेऊन कंटाळवाणी वाट पाहतो. मोमेंटमवाला जे चढतंय ते घेतो आणि वारंवार बदलतो. तिन्ही कधी ना कधी तीन-चार वर्षं मागे पडतात. नुकसान शैलीने कमी आणि मध्येच शैली बदलण्याने जास्त होतं: मागच्या तीन वर्षांत जी पुढे होती ती लोक घेतात, आणि ती मागे पडली की विकतात. तुमच्या सात फंडांपैकी तीन लार्ज कॅप आहेत. सेबीच्या नियमाने लार्ज कॅप फंडाला किमान ८० टक्के पैसे बाजारमूल्याने पहिल्या शंभर कंपन्यांतच ठेवावे लागतात, त्यामुळे तिन्हींत तेच शेअर आहेत आणि खर्च तीन वेळा जातोय. मुलाचे पैसे याच तिन्हींमधून काढा. राहिलेल्यांपैकी एक निफ्टीचा इंडेक्स फंड आणि एक फ्लेक्सी कॅप ठेवा, पुढचे हप्ते फक्त या दोघांत. बाकीचे घाईने विकू नका, दर वर्षीच्या करमुक्त मर्यादेत थोडे थोडे रिकामे करा. धाकट्याला नऊ वर्षं आहेत, त्याचे पैसे इथेच राहू द्या.

प्रश्न: सातारा. जिल्हा परिषदेच्या शाळेतून गेल्या महिन्यात, ५८ व्या वर्षी निवृत्त झालो. उपदान (ग्रॅच्युइटी), भविष्य निर्वाह निधी, रजेचे पैसे आणि अंशराशीकरण (पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेणं) मिळून ४२ लाख आले. पेन्शन ३८,०००, खर्च ४५,०००. दोन वर्षांत मुलीचं लग्न (१० लाख) आणि गावच्या घराचं छप्पर (४ लाख). पतसंस्था ११ टक्के देते म्हणते. बँकेतल्या साहेबांनी २० लाखांची एकरकमी विमा योजना सुचवली आणि मी सही केली आहे. पुतण्या म्हणतो, सगळे म्युच्युअल फंडात टाका.

सर, सर्वांत आधी विम्याचं. पॉलिसीची कागदपत्रं मिळाल्यापासून ३० दिवस ती परत करता येते. तारीख पाहा आणि पॉलिसीत बदल करून देतो किंवा दुसरी देतो असं सांगितलं तरी ते न ऐकता लेखी अर्ज देऊन पोच घ्या. थोडे मुद्रांक आणि तपासणीचे पैसे कापून बाकी परत मिळतात. ५८ व्या वर्षी तुमच्यावर कर्ज किंवा अवलंबून असणारी लहान मुलं नाहीत, आणि तुमच्या पश्चात पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन आहे. २० लाख अडकवून घ्यायचं कारण दिसत नाही.

पतसंस्था नको. बँकेत, सहकारी बँकेतसुद्धा, प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेमागे मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांचं ठेव विमा संरक्षण आहे. पतसंस्थेच्या ठेवींना ते नाही. बुडालेल्या पतसंस्थांपुढे वर्षानुवर्षं चकरा मारणारे ठेवीदार जिल्ह्याजिल्ह्यात आहेत, आणि त्यांत निवृत्त शिक्षक फार आहेत. हे वाचून कुणाचं मन बदलावं अशी आमची कळकळीची विनंती आहे.

आता तुमच्याकडे नक्की काय आहे ते मोजा. ३८,००० पेन्शन म्हणजे वर्षाला ४ लाख ५६ हजार. सात टक्के एफडीतून एवढं व्याज हवं तर ६५ लाख ठेवावे लागले असते, आणि एफडीला महागाई भत्ता नाही. म्हणजे तुमची सुरक्षित गुंतवणूक आधीच खूप मोठी आहे. ४२ लाखांपैकी सगळं एफडीतच हवं, असं मुळीच नाही. पुतण्याचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही, प्रमाण चुकलंय.

खर्चात महिन्याला ७,००० कमी पडतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १२ लाख ठेवा. ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला २४,६०० मिळतात, महिन्याला ८,२००. तुम्ही साठीचे नाही, पण ५५ ते ६० मधल्या निवृत्तांना ही योजना एका अटीवर खुली आहे: निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडलं पाहिजे, आणि मिळालेल्या लाभांपेक्षा जास्त रक्कम टाकता येत नाही. निवृत्तीचा दिनांक, लाभाची रक्कम आणि तपशील असलेलं प्रमाणपत्र कार्यालयातून लगेच मागा. उशीर होतो तो इथेच. खातं पत्नीसोबत संयुक्त उघडा. खातं उघडतेवेळचा दर पाच वर्षं टिकतो. वर्षाच्या आत बंद केलं तर व्याज मिळत नाही, दिलेलं असेल तर वळतं करून घेतात, म्हणून लग्नाचे पैसे यात घालू नका.

लग्न आणि छपराचे १४ लाख राष्ट्रीयीकृत बँकेत, एक एफडी छपरासाठी पावसाळ्यापूर्वी सुटणारी, बाकीच्या लग्नाच्या अंदाजित तारखेच्या दोन महिने आधी. एकच मोठी एफडी करू नका. मध्येच दोन लाख लागले तर सगळी मोडावी लागते. ४ लाख दवाखान्यासाठी हाताशी. हे झाले ३० लाख.

राहिले १२ लाख. हा पैसा तुम्हाला सत्तरीनंतर लागेल. सहा टक्के महागाई धरली तर आजचे ४५,००० बारा वर्षांनी ९०,००० होतात. महागाई भत्ता त्यातलं बरंच सांभाळेल, औषधपाण्याचं मात्र सांभाळणार नाही. यातले ६ लाख पाच वर्षांच्या राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रात. दुसरे ६ लाख लिक्विड फंडात टाकून तिथून दरमहा २५,००० प्रमाणे दोन वर्षांत शेअर आणि रोखे दोन्ही असणाऱ्या संतुलित फंडात न्या. बाजार निम्म्यावर आला तरी तुमच्या ४२ लाखांतले तीन लाखांपेक्षा जास्त कमी दिसणार नाहीत, आणि पेन्शनला धक्का नाही. हा आकडा सरांनी आणि बाईंनी दोघांनी मिळून वाचावा. तीन लाखांनी झोप उडणार असेल तर सहाऐवजी तीनच टाका.

प्रश्न: कोल्हापूर. गृहिणी, वय ३४. बाराजणींची ३,००० ची भिशी आहे. ती बंद करून एसआयपी करू का?

भिशी मोडू नका, तिचं काम ओळखा. पहिल्या महिन्यात उचलणारीला ती बिनव्याजी कर्ज देते, शेवटच्या महिन्यात उचलणारीची ती बिनव्याजी बचत असते. फ्रिज, शाळेची फी, सणवार यांसाठी ती ठीक, ओळखीच्या बायकांमध्ये आणि रक्कम लहान असेपर्यंत. लिलावाची भिशी, किंवा कुणी अनोळखी माणूस चालवणारी, असेल तर बाहेर पडा. स्वतःच्या नावावर पैसा उभा करायचा तर पोस्टाची आरडी १०० रुपयांपासून आणि फंडाची एसआयपी साधारण ५०० पासून होते. सोनं घ्यायचंच असेल तर बचत म्हणून दागिना घेऊ नका: घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी विकताना परत मिळत नाही.

प्रश्न: न्यू जर्सीत नोकरी, दहा वर्षांनी पुण्याला परतायचं आहे. भारतात एसआयपी आणि पीपीएफ सुरू करू का?

अनिवासी भारतीयाला नवं पीपीएफ खातं उघडता येत नाही. आधीचं असेल तर मूळ मुदत संपेपर्यंत चालवता येतं, वाढवता येत नाही. भारतीय म्युच्युअल फंड अमेरिकेच्या कायद्यात पीएफआयसी, म्हणजे निष्क्रिय परदेशी गुंतवणूक कंपन्या, ठरतात: दर वर्षी सहसा प्रत्येक फंडामागे ८६२१ क्रमांकाचा फॉर्म आणि कराचा जाचक हिशेब. एनआरई ठेवीचं (परदेशातली कमाई भारतात रुपयांत ठेवायची अनिवासींची ठेव) व्याज भारतात करमुक्त असलं तरी अमेरिकेत करपात्रच आहे, आणि परदेशी खात्यांची एकूण शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली की एफबार (परदेशी खात्यांची माहिती देण्याचा अमेरिकी अर्ज) भरावा लागतो. तिथे असेपर्यंत ४०१-के (नोकरीतली निवृत्ती बचत योजना) मधला मालकाचा हिस्सा पूर्ण मिळवा आणि तिथल्याच इंडेक्स फंडांत राहा. पुण्याच्या घरासाठी लागणारा रुपया परतण्याच्या दोन-तीन वर्षं आधीपासून एनआरई ठेवींत हळूहळू आणा.